एका नकाराचे मोल

‘पण त्यातून भलेच होणार ना?’ हा प्रश्न घरात, कचेरीत, धर्मग्रामाच्या सभेतही आपण सहज विचारतो. तो कानी पडला की मला एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या विदुषीचे स्मरण होते.

त्यांचा जन्म १९१९ साली आयर्लंडमधील लिमरिक येथला. तरुणपणी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. सात मुलांची ही माता ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवीत असे. १९५६ साली विद्यापीठाने अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देऊ केली. हिरोशिमा व नागासाकीवरील अणुबॉम्ब त्यांच्याच कारकिर्दीत टाकले गेले होते. अ‍ॅन्स्कम यांनी सभेत उभे राहून विरोध केला. साथ मूठभरांचीच लाभली; पदवी दिली गेलीच.

बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले, असंख्य प्राण वाचले, असे समर्थक म्हणत. अ‍ॅन्स्कम यांचे म्हणणे साधे होते : निरपराध्यांचा मृत्यू हेच साधन म्हणून निवडणे हा खून होय, हेतू कितीही उदात्त असो. बिनशर्त शरणागतीचा आग्रह हेच त्यांना अनर्थाचे मूळ वाटे. १९५८ च्या एका निबंधात त्यांनी परिणामांवरच नीती तोलणाऱ्या विचारसरणीवर कठोर टीका केली.

साऱ्या राष्ट्रासाठी एकाने मरावे हे हिताचे, असा सल्ला कयफानेही दिला होता. तोही हिशेबच होता. २००१ साली अ‍ॅन्स्कम निवर्तल्या. परंतु हिशेब जुळत असतानाही ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य आपण मुलांना शिकवतो का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.