आजीचे साडेसात

दोस्तांनो, 'अंतर भागिले वेग म्हणजे वेळ' हे गणित तुम्ही शाळेत सोडवलं असेलच. पण तेच गणित आभाळात गेलं की काय काय गमती होतात, ते सांगतो.

आमच्या कोरीटहून आधी नंदुरबार, मग सुरतमार्गे रेल्वेने मुंबई. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, वेळ आठ-नऊ तास. माझी पुतणी शिकायला न्यूयॉर्कला निघाली, तेव्हा आजीने विचारलं, "विमानाला किती वेळ लागतो गं?"

"मुंबईहून सोळा तास, आजी."

"एवढेच? म्हणजे मुंबईच्या दुप्पट!"

वेळ दुप्पट, हे खरं. पण अंतर? साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तीसपट!

विमान रात्री एकला सुटणार होतं. "सकाळी साडेसातला उतरेन," असं पोरगी सांगून गेली. झालं! दुसऱ्या दिवशी साडेसातपासून आजी फोनजवळ बसली. दहा वाजले, बारा वाजले. सगळ्यांची जेवणं झाली, आजीने घास घेतला नाही.

मग मी वही काढली. रात्री एकला सोळा तास मिळवले की आपले संध्याकाळचे पाच होतात. महिना ऑगस्टचा. तिथल्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे आपले पाच, तेच तिथले सकाळचे साडेसात!

आजी जेवली. पण पाच वाजायला अवकाश होता, म्हणून मी पृथ्वीचा गोल आणला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान आणि सहारा ओलांडून जाते. गोलावर दोरा ताणला, तर तो उत्तरेला चढतो आणि चक्क आइसलँडवरून जातो! नकाशावर वाकडी दिसणारी ही वाटच दीड हजार किलोमीटरांहून जास्त जवळची. करून पाहा. प्रत्यक्षात मात्र हवामान आणि कुठल्या देशाचं आकाश बंद आहे, हे पाहून वैमानिकांना वाट थोडीफार बदलावी लागते.

शिवाय वारा असतोच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून येताना सहसा कमी वेळ लागतो. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून, नेलं. वाट सुमारे १३,९०० ऐवजी १५,३०० किलोमीटर झाली, तरी वेळ कमी लागला! वारा पाठीशी होता ना!

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. आजीने पहिलं काय विचारलं असेल? "जेवलीस का?"

तुमच्या घरचं कोणी लांब निघालं, तर 'किती वाजता पोचणार?' एवढ्यावर थांबू नका. 'कुठल्या घड्याळाचे?' हेही विचारा. आणि आपली वेळ मोठ्या अक्षरांत लिहून आजीच्या हाती द्या.