गाठ दाखवा, काका

मी हिशेबाच्या टेबलावर बसणारा साधा कारकून. बी. कॉम. झालो, जळगावात नोकरीला चिकटलो आणि चाळिशी कधी ओलांडली ते कळलेही नाही. संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यासवर्ग, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, यातच वेळ जातो. असा माणूस दोर बांधून कडे चढतो हे ऐकले की लोक हसतात. घरातूनही आहेर मिळतोच. "पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून दोराला लटकायचं हे वय आहे का?" असे सौभाग्यवती विचारतात. त्यांचेही चूक नाही.

हे वेड लागले लळिंगला. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा त्यांचा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात झाला होता. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात. मीही लहानपणापासून वडिलांबरोबर जात असे. अभिवादन करायचे, पुस्तकांच्या दुकानांवर रेंगाळायचे आणि परतायचे. डोक्यावर उभा असलेला किल्ला मात्र कधी चढलो नव्हतो. एका वर्षी पावसाने उघडीप दिली आणि आम्ही चार मित्र वर गेलो. खाली मुंबई-आग्रा रस्ता दोरीएवढा दिसत होता. त्या दिवशी पायांना जी चटक लागली ती लागलीच.

पुढे मालावत पूर्णाविषयी वाचले. आजच्या तेलंगणातल्या पाकाला गावच्या शेतमजुराची ही मुलगी. २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधी, ती एव्हरेस्टवर पोहोचली. आनंद कुमार हा दलित मुलगाही तिच्यासोबत होता. दोघे समाजकल्याणाच्या निवासी शाळांत शिकणारे. त्यांचे पहिले धडे भुवनगिरीच्या खडकावर झाले होते. वाचून मनात आले, एव्हरेस्ट राहू द्या, आपण खडकाला हात तरी लावून पाहू.

पण एक अडचण होती. रस्त्याने चालायला एकटा माणूस पुरतो, दोराला दोघे लागतात. एक चढतो आणि दुसरा खाली किंवा वर बसून त्याचा दोर सांभाळतो. याला गिर्यारोहक बिले देणे म्हणतात. चढणाऱ्याचा हात सुटला तर त्याचा जीव त्या दुसऱ्याच्या मुठीत असतो. माझ्या ओळखीत असा दुसरा कोणी नव्हता. आठ दिवसांच्या शिबिरात मूलभूत शिक्षण घेतले, पण शिबिर संपले की पुन्हा एकटाच. मग सोबती शोधायला मोबाईल हाती घेतला.

पहिला अनुभव कडू आला. एका गटाशी फोनवर छान बोलणे झाले, दिवस ठरला. मग एकाने विचारले, "पूर्ण नाव काय? मूळ गाव कोणतं?" मी सांगितले. त्यानंतर "पुढच्या वेळी बघू" असे उत्तर आले आणि ती पुढची वेळ कधीच आली नाही. आडनावामुळेच असे झाले, हे मी छातीठोकपणे सांगत नाही. त्यांची दुसरी काही अडचणही असेल. पण आपल्यापैकी ज्याने हे सोसले आहे, त्याला त्या शांततेचा अर्थ लावत बसावे लागते. मलाही लावावा लागला.

दुसऱ्यांदा ओळख झाली ती नाशिकच्या एका तरुणाशी आणि धुळ्याच्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका मुलीशी. त्या तरुणाची पाचसहा वर्षे सुळक्यांवर गेलेली. जायच्या आठ दिवस आधी त्याचाही तोच निरोप आला, "काका, पूर्ण नाव पाठवा." माझे डोके भणभणले. तिरसटपणे लिहिले, "कशासाठी?" त्याने शांतपणे उत्तर दिले, "सगळ्यांचं नाव, रक्तगट, औषधं आणि घरचा नंबर लिहून एक कागद बरोबर ठेवतो, एक गावात देतो. काही झालं तर उपयोग होतो." मी ओशाळलो. प्रश्न तोच, पण विचारण्यामागचे मन वेगळे होते.

आम्ही गेलो मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीवर. आगगाडीने मनमाडला गेलेल्यांनी हा सुळका पाहिला असेल, आभाळाकडे अंगठा दाखवावा तसा उभा आहे. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्याच जातीचा हा दगड. डोंगराची चढण संपली की वरचा शंभर-सव्वाशे फूट कातळ सरळ उठतो. दिसायला लहान, पण माफ न करणारा. जानेवारी २०२२ मध्ये याच सुळक्यावरून उतरताना अहमदनगरच्या दोघांचा मृत्यू झाला. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंतांसारखा जाणता गिर्यारोहक कोकणकड्यावर गेला. तेव्हा अनुभव आहे म्हणून निर्धास्त राहावे, असे हे काम नाही.

नाशिकचा तरुण आधी चढला आणि वर स्वतःला पक्के बांधून त्याने दोर खाली सोडला. आता माझी पाळी. दोराला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायची, मग टोक कमरेच्या हार्नेसमधून ओवून त्याच गाठीच्या वाटेने परत फिरवायचे, अशी रीत आहे. मी गाठ मारली, टोक ओवले आणि तेवढ्यात धुळ्याच्या मुलीला लळिंगची गोष्ट सांगू लागलो. गोष्ट संपवून कातळाला हात लावला.

"काका, थांबा. गाठ दाखवा."

खरे सांगतो, मला ते लागले. माझ्या मुलीच्या वयाची पोर, आणि मला तपासते? त्या नाशिकच्या पोराला तिने असे विचारले होते का? म्हणालो, "शिबिर केलंय मी. बांधलीय गाठ." ती हसली नाही, रागावलीही नाही. "त्याचीही पाहिली होती मी. माझी तुम्ही पाहणार आहात," एवढेच बोलली. मी नाइलाजाने शर्ट वर केला.

टोक हार्नेसमधून ओवलेले होते, पण परत फिरवलेलेच नव्हते. तिने एका बोटाने ओढले आणि दोर निघून तिच्या हातात आला.

कोणी काही बोलले नाही. माझे पाय मात्र लटपटत होते. खाली बसलो, पाणी प्यालो, पुन्हा गाठ बांधली, आणि या वेळी मीच म्हणालो, "बघ गं पोरी." मग चढलो. वर पोहोचल्यावर तिकडून दिसणाऱ्या मुलखाचे काहीच आठवत नाही. आठवते ते तिचे बोट.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. वीस वर्षे मी व्हाउचर लिहितो. मी लिहिलेले दुसरा तपासतो, तिसरा सही करतो. त्यात मला कधी अपमान वाटला नाही, उलट बिनतपासणीचा कागद पुढे गेला तर झोप येत नाही. मग माझी गाठ तपासली तर एवढे का लागावे? कारण जन्मभर आपल्याला तपासणारे लोक आपल्याला दूर ठेवण्यासाठीच तपासत आले. त्या जखमेमुळे जपण्यासाठी विचारलेला प्रश्नही टोचतो. जखम खोटी नाही. पण तिचे ऐकून मी त्या दिवशी तसाच चढलो असतो, तर आज हा लेख लिहायला उरलो नसतो.

आपल्या तरुणांनी डोंगरावर जरूर जावे, मुलींनी तर जावेच. मात्र आधी रीतसर शिक्षण घ्यावे. फोनवर भेटलेल्या सोबत्याच्या फोटोंना भुलू नये. पहिली भेट सोप्या, पायी चढायच्या किल्ल्यावर ठेवावी आणि कुठे, कोणाबरोबर जातो ते घरी लिहून ठेवावे. जो आपली गाठ दाखवायला का-कू करतो, त्याच्या हाती आपला दोर देऊ नये. मग तो कितीही मोठा असो, आपल्या जवळचा असो.

पहिल्या गटाचे उत्तर अजून आलेले नाही, आणि आता मी वाटही पाहत नाही. धुळ्याच्या त्या मुलीबरोबर नंतर आणखी तीनदा दोर बांधला. तिचे आडनाव त्या कागदावर होते, मीही वाचले असेल. ध्यानात राहिला तो रक्तगट, बी पॉझिटिव्ह.