तुतीच्या काड्या

आंबा पेटीतून येतो, फणसाचे गरे डब्यातून येतात, जांभळंसुद्धा कुणीतरी द्रोणात घालून आणून देतं. तुती मात्र येत नाही, तिच्याकडे आपणच जावं लागतं. महाबळेश्वर-पाचगणीला ती विकायला असते म्हणा, पण आमच्या साताऱ्याच्या मंडईत मी क्वचितच पाहिली. कारण साधं आहे. पिकलेलं फळ ओढलं की बोटातच फुटतं. सकाळी वाटीत काढून ठेवलेलं संध्याकाळी पाणी सुटून मलूल होतं. लाल असतानाच तोडावं, तर आंबटच राहतं. थोडक्यात काय, तुती झाडाखाली उभं राहूनच खायची!

आमच्या परसात ती १९९१ साली आली. शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी रेशीमकिड्यांसाठी तुती लावली होती. त्यांनी ह्यांना चार काड्या दिल्या, त्यातली एक जगली. रेशीमवाल्यांना पानांचं महत्त्व, आमच्याकडे सगळं कौतुक फळांचं. छाटणी हे स्वतः करत. मला वाटायचं, किती बोडकं केलं झाड! पण नव्या फुटीबरोबर फळं लगडायची. वरच्या फांद्या बुलबुल-साळुंक्यांच्या आणि खालच्या आमच्या, असा अलिखित करार होता.

मी मराठीची शिक्षिका, पण ह्या झाडाने मला थोडं विज्ञान शिकवलं. तुतीचं फळ दिसतं एक, पण त्यातला प्रत्येक मणी वेगळ्या फुलाचा असतो. फणसाचंही तसंच. दोघं एकाच वटकुळातले, म्हणजे वड, पिंपळ, उंबर हे सगळे तिचे भाऊबंदच. देठ तोडला की पांढरा चीक येतो, ती घराण्याची खूण! आणि फ्रॉकवरचा तो जांभळा डाग साबण लावला की निळसर होतो, लिंबू पिळलं की लाल. नातवंडांनी ह्या प्रयोगासाठी मुद्दाम डाग पाडून घेतले आहेत.

असो. हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे.

आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत होणार आहे. कागदांवर सही मी स्वतः केली, कुणी जबरदस्ती केली नाही. ह्या वयात गळकं कौलारू घर एकटीने सांभाळणं होत नाही. झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि तशी नोटीस झाडावरच लावतात. परवा ती लागली. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी लावलेल्या बुंध्यावरचा तो कागद मी चष्मा लावून दोनदा वाचला. मुलगा म्हणाला, "आई, महाबळेश्वरहून तुती आणून देत जाईन." त्याच्या मनात मायाच होती, पण मला फळांचं दुःख नव्हतं.

रात्री एक गोष्ट सुचली. बी रुजून येतं ते झाडाचं मूल. काडीपासून येतं ते मात्र तेच झाड, फक्त दुसऱ्या जागी. म्हणजे आमची तुती मुळात त्या शेतकऱ्याच्या बांधावरचीच. आमच्या परसात ती पस्तीसेक वर्षं मुक्कामाला होती, इतकंच. मुक्काम हलतो. झाड संपायलाच हवं असं नाही.

तेव्हा मंडळी, पहिला पाऊस झाला की मी काड्या कापणार आहे. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेल्या. एक डोळा वर ठेवून तिरक्या खोचायच्या आणि माती ओली ठेवायची. मोठ्या कुंडीतसुद्धा येते, फक्त छाटत राहायचं. दोन-तीन वर्षांत फळं धरतात. पुण्याच्या भाच्याने दोन आणि नागपूरच्या वन्संनी चार सांगून ठेवल्या आहेत. तुम्हाला हव्या असतील तर आत्ताच सांगा.

फळं मात्र कुणी पाठवू नका. ती खायला मीच येईन.