सैगॉनचा स्वातंत्र्य प्रासाद

व्हिएतनामच्या हो चि मिन्ह शहरात, म्हणजेच जुन्या सैगॉनमध्ये, जाणारा भारतीय प्रवासी बेन थान्ह बाजारात हमखास रेंगाळतो. त्या बाजारापासून थोड्याच अंतरावर, उंच लोखंडी फाटकामागे, हिरवळीत एक शुभ्र वास्तू उभी आहे. हाच दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांचा स्वातंत्र्य प्रासाद. त्याच्या फाटकाशी येऊन थांबणाऱ्या प्रशस्त मार्गाला आज ले दुआन यांचे नाव आहे. युद्धकाळात उत्तरेकडील कम्युनिस्ट पक्षाची सूत्रे त्यांच्या हाती होती. जिंकलेल्याचे नाव रस्त्यावर आणि हरलेल्यांचे दिवाणखाने आत, जसेच्या तसे!

या जागी पूर्वी फ्रेंच अमदानीतील राजवाडा होता. १९६२ च्या फेब्रुवारीत दक्षिणेच्याच दोन बंडखोर वैमानिकांनी त्यावर बाँब टाकले. अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम बचावले आणि त्यांनी वास्तुशिल्पी न्गो व्हिएत थू यांच्याकडून नवा प्रासाद उभारण्यास घेतला. तो १९६६ साली पूर्ण झाला. परंतु त्यात राहणे दिएम यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १९६३ मध्ये सेनापतींनी उठाव केला. दिएम आणि त्यांचे बंधू न्हू यांनी चोलोन या चिनी व्यापाऱ्यांच्या पेठेत आश्रय घेतला. दुसऱ्या दिवशी दोघेही स्वाधीन झाले आणि वाटेतच, लष्करी वाहनात, त्यांचा वध झाला.

त्या उठावाचे नेतृत्व दुओंग व्हान मिन्ह या धिप्पाड सेनापतीने केले होते. लोक त्यांना ‘थोरले मिन्ह’ म्हणत. या हत्येचा ठपका आजही बहुतेक इतिहासकार त्यांच्यावरच ठेवतात. रक्त सांडून मिळालेली सत्ता त्यांना तीन महिनेही लाभली नाही; दुसऱ्या एका सेनापतीने त्यांना दूर सारले. युद्धाने घरेही दुभंगली होती. मिन्ह यांचा सख्खा धाकटा भाऊ समोरच्या पक्षाच्या सैन्यात अधिकारी होता.

आज प्रासादात फिरताना मंत्रिमंडळाचे दालन, मेजवानीचे सभागृह, खाली तळघरातील नकाशे आणि संदेशयंत्रे दिसतात. गच्चीवर दोन तांबडी वर्तुळे आखलेली आहेत. ८ एप्रिल १९७५ रोजी एका वैमानिकाने टाकलेले बाँब तेथे पडले होते. त्यानंतर तेरा दिवसांनी अध्यक्ष न्गुएन व्हान थिऊ यांनी राजीनामा दिला आणि देश सोडला. त्यांच्या जागी आलेले वृद्ध त्रान व्हान हुओंग जेमतेम आठवडाभर टिकले. २८ एप्रिलला सत्ता पुन्हा थोरल्या मिन्ह यांच्याकडे आली. तोवर उत्तरेचे सैन्य शहराच्या वेशीवर होते.

मिन्ह यांच्यापुढे दोनच मार्ग होते. एक, गल्लोगल्ली लढत राहून दाट वस्तीच्या महानगराची राख होऊ देणे. दुसरा, पराभूत म्हणवून घेणे. ३० एप्रिलच्या सकाळी त्यांनी नभोवाणीवरून आपल्या सैनिकांना गोळीबार थांबविण्यास सांगितले. दुपार होण्यापूर्वी रणगाडे फाटक मोडून आत शिरले, तेव्हा मिन्ह सहकाऱ्यांसह प्रासादातच बसून होते. सत्ता सोपविण्यास थांबलो आहोत, असे त्यांनी म्हटल्यावर, जे हातीच नाही ते सोपविणार कसे, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. नंतर नभोवाणी केंद्रावर नेऊन त्यांच्याकडून बिनशर्त शरणागती वाचून घेण्यात आली.

शहर वाचले, पण सर्वांचे दैन्य मात्र टळले नाही. दक्षिणेचे असंख्य अधिकारी वर्षानुवर्षे छावण्यांत खितपत पडले. १९७८ साली खासगी व्यापार सरकारने ताब्यात घेतला, तेव्हा चोलोनमधील कित्येक व्यापारी कुटुंबे पिढ्यांची पेढी मागे टाकून नावांतून समुद्रावर निघाली. खासगी उद्यमाला पुन्हा वाव मिळाला तो १९८६ नंतर. मिन्ह १९८३ मध्ये फ्रान्सला गेले आणि २००१ साली अमेरिकेत निवर्तले. त्यांच्या पक्षातील अनेकांनी त्यांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही.

माणसाचे एक कृत्य दुसऱ्याने पुसले जात नाही. १९६३ चा जमाखर्च १९७५ ने चुकता झाला, असे कोणी म्हणू नये. तरीही त्या सकाळी शस्त्रे खाली ठेवल्यामुळे किती घरांतील चुली पेटत राहिल्या, याची मोजदाद कोणत्याच वहीत सापडणार नाही. फाटकाजवळच्या हिरवळीवर त्या रणगाड्यांच्याच जातीचे दोन रणगाडे ठेवले आहेत. शाळकरी मुले त्यांच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात आणि पलीकडच्या रस्त्यावर दुचाक्यांची अखंड रांग वाहत असते.