एक मुखडा, चार आवाज

लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीकडे वाहत जाते. तिच्या काठच्या गावांत एकादशीच्या रात्री भजन रंगते. बुवा अभंगाचा चरण म्हणतात; टाळकरी तोच चरण उचलून धरतात. ते गात असता बुवा क्षणभर विसावतात आणि मग पुढचा चरण घेतात.

आता अशी कल्पना करा, की टाळकऱ्यांनी चरण उचलला तरी बुवा थांबले नाहीत. त्याच वेळी ते निराळी चाल गाऊ लागले, आणि तरीही दोन्ही चालींचा मेळ बिघडला नाही! युरोपीय संगीतात या विद्येला काउंटरपॉइंट म्हणतात. तिचा अतिशय रेखीव प्रकार म्हणजे फ्यूग. ‘पळणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव आले. कारण एक आवाज पुढे निघतो व बाकीचे त्याच्यामागे धावतात.

या विद्येचा थोर आचार्य योहान सेबास्टियन बाख १६८५ साली जर्मनीत जन्मला. दहाव्या वर्षी तो पोरका झाला व थोरल्या भावाकडे राहू लागला. भावाजवळ नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही होती. पण ती जाळीच्या कपाटात बंद असे. १७५४ साली प्रसिद्ध झालेल्या बाखच्या चरित्रलेखात सांगितले आहे, की हा मुलगा रात्री जाळीतून हात घालून वही बाहेर काढी आणि दिवा नसल्यामुळे चंद्रप्रकाशात ती उतरून घेई. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली. भावाला कळताच त्याने ती काढून घेतली. कागद गेले, परंतु एकेक स्वर लिहिताना जे समजले, ते कोण हिरावून घेणार?

बाखने तारुण्यात ऑर्गनसाठी रचलेला जी मायनरमधील ‘लहान फ्यूग’ आज असाच अभ्यासता येतो. चर्चमधील मोठ्या ऑर्गनच्या नळ्यांतून वारा सोडून नाद काढतात. वादक पेटीसारख्या पट्ट्या हातांनी दाबतो आणि सर्वांत खालचे सूर पायांनी वाजवतो. म्हणून एकटा माणूस चार आवाज चालवू शकतो.

या फ्यूगची स्वरलिपी घ्यावी आणि चार आवाज चार रंगांनी रेखावेत. प्रथम सर्वांत वरचा आवाज षड्जावरून मुखडा म्हणतो. मग दुसरा तोच मुखडा खालच्या पंचमावरून घेतो. तिसरा पुन्हा षड्जावरून, पण एक सप्तक खाली; आणि शेवटी पायांखालचा खर्ज आवाज पंचमावरून. पहिला आवाज मात्र गप्प बसत नाही. दुसरा मुखडा घेताच तो नवी जोडचाल गाऊ लागतो. मुखड्याचे आरंभीचे स्वर संथ आहेत. नेमक्या त्याच वेळी जोडचाल भरभर धावते. एक धावतो तेव्हा दुसरा सावकाश चालतो, म्हणूनच कानाला दोन्ही वेगळे ऐकू येतात.

हे मर्म कळले म्हणजे शिकणाऱ्याने स्वतः छोटा मुखडा रचावा व त्याला एकच जोडचाल द्यावी. मग प्रत्येक चाल एकटी गाऊन पाहावी. ती एकटीही गोड वाटली पाहिजे आणि सोबतिणीला तिने जागाही दिली पाहिजे. एखादी चाल केवळ दुसरीची भर करण्यापुरतीच उरली असेल, तर ती खोडून पुन्हा लिहावी. रचना करण्याची विद्या अशी, खोडून आणि पुन्हा लिहूनच हाती येते.