घोडखिंड ते पावनखिंड : एक फिल्मी वीकएंड

कोल्हापूरचा वीकएंड म्हटलं की आपलं सगळं ठरलेलं असतं. अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा, रंकाळ्यावरची भेळ आणि परत येताना चप्पल! यंदा प्लॅन जरा बदला. हॉलिवूडचा वेस्टर्न जसा मॉन्युमेंट व्हॅलीच्या लाल कड्यांत घडला, तसा आपला शिवकालीन सिनेमा घडला तो याच गावात. आणि त्यातला खरा इतिहास इथून जेमतेम वीस किलोमीटरवर, पन्हाळ्यावर आहे.

सुरुवात करा खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापासून. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1923 मध्ये 'सिंहगड' काढला. महाराज झाले स्वतः बाबूराव, तर शेलारमामा झाले तरुण व्ही. शांताराम. पुढे 'प्रभात'ने इथेच 'स्वराज्याचे तोरण' बनवला. 'स्वराज्य' हा शब्द ब्रिटिश सेन्सॉरला झोंबला आणि 1930 मध्ये सिनेमा आला 'उदयकाल' नावाने. गोष्ट 17व्या शतकातली, भीती मात्र चालू काळाची!

पुढचा स्टॉप जयप्रभा स्टुडिओ, म्हणजे भालजी पेंढारकरांचं साम्राज्य. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत तो भस्मसात झाला, भालजींनी पुन्हा उभा केला. त्यांच्या 1952 च्या 'छत्रपती शिवाजी'नंतर कित्येक घरांत महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे यांचाच चेहरा झाला. चंद्रकांत यांचं संग्रहालय राजारामपुरीत आहे, चुकवू नका.

आता गाडी काढा आणि पन्हाळा गाठा. जुलै 1660. सिद्दी जौहरचा वेढा, मुसळधार पाऊस. शिवा काशिद महाराजांचा वेश घेऊन शत्रूच्या हाती लागतो, महाराज विशाळगडाकडे निसटतात आणि बाजीप्रभू गजापूरची घोडखिंड अडवून धरतात. 'पावनखिंड' हे नाव नंतरचं. दंतकथेने इथे नकाशाच बदलला!

हीच गोष्ट भालजींनी 1956 मध्ये सांगितली, दिग्पाल लांजेकरांनी 2022 मध्ये. मधल्या काळात एक बदल झाला. कॅमेरा महाराजांवरून मावळ्यांकडे वळला. लांजेकरांचा 'फर्जंद' (2018) तर 1673 मध्ये मूठभर मावळ्यांनिशी हाच पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजीचा. वेस्टर्न मात्र याच्याही पुढे गेला. हिरोंच्या दंतकथा रचणाऱ्या जॉन फोर्डनेच 1962 मध्ये 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये विचारलं, गोळी नक्की झाडली कोणी? 'अनफरगिव्हन'ने (1992) तर बंदूकबाजाला थकलेला, पस्तावलेला माणूस केलं. आपल्याकडे असे प्रश्न पडद्यावर क्वचितच येतात. ते थिएटरबाहेर येतात, तेही बऱ्याचदा आवाज चढवून. 2022 मध्ये 'हर हर महादेव'वरून ते आपण पाहिलंच.

महाराजांबद्दलचं प्रेम त्याने कमी होईल? अजिबात नाही. उलट घोडखिंड ठाऊक असली की पावनखिंड जास्त कळते. पटत नसेल तर जुलैमधल्या पन्हाळा-पावनखिंड मोहिमेत सामील व्हा. पडद्यावर काही मिनिटांत संपणारी ती वाट चिखल तुडवत चालायला दोन दिवस लागतात. तिथे ना बॅकग्राउंड म्युझिक असतं, ना स्लो मोशन. पाय बोलायला लागले की कळतं, एका रात्रीत हे अंतर कापणारी ती माणसंच होती. आणि तीच खरी कमाल!