फुलीचं फुलपात्र

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसानं काय पाहिलं म्हणून सांगायचं, याचे काही संकेत ठरलेले आहेत. नायगारा सांगावा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा सांगावा, तिथल्या भाज्यांचे भाव रुपयांत करून सांगावेत आणि शेवटी ‘पण आपल्याकडची माया नाही हो’ असं म्हणावं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही जाऊन आले. शाळेतल्या बाई विचारू लागल्या, तेव्हा मी सरळपणे सांगून टाकलं, की मला सगळ्यांत आवडलं ते क्षयाचं संग्रहालय. त्यावर एक जण म्हणाली, “इतके पैसे मोडून तुम्ही दुखणं बघायला गेलात?” तिला उत्तर देता आलं नाही. ते आता इथं देते आहे.

माझी भाची न्यूयॉर्क राज्यात आल्बनीला असते. तिनं एका शनिवारी मोटार काढली आणि उत्तरेकडे ॲडिरोंडॅकच्या डोंगरात सॅरनॅक लेक नावाच्या गावी नेलं. तीनेक तासांची वाट. तळी बघायला चाललो होतो आम्ही. गाव लहानसं, पाच हजारांच्या आसपास वस्तीचं. पण घरं पाहून मी चकित झाले. प्रत्येक घराला पडव्याच पडव्या! वरच्या मजल्याला पडवी, खालच्या मजल्याला पडवी, काचेच्या तावदानांनी बंद केलेली पडवी, मागच्या बाजूला नंतर जोडल्यासारखी आणखी एक. इतक्या थंड गावात लोकांना बाहेर बसायची एवढी हौस कशी, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, “हौस नाही मावशी. इथं टीबीची माणसं झोपायची.”

माझ्या पोटात काहीतरी हललं. पण मी काही बोलले नाही. ‘हो का?’ एवढंच म्हटलं. तीस वर्षं मी या विषयावर ‘हो का?’ एवढंच म्हणत आले होते.

संग्रहालय एका जुन्या दगडी इमारतीत आहे. ही इमारत म्हणजे डॉक्टर एडवर्ड ट्रूडो यांची प्रयोगशाळा. आधीची प्रयोगशाळा त्यांच्या घरातच होती. १८९३ साली घराबरोबर तीही जळाली. म्हणून पुढच्या वर्षी ही बांधली ती दगडविटांची, आग लागू नये अशी. केवळ क्षयाच्या संशोधनासाठी बांधलेली त्या देशातली ही पहिली प्रयोगशाळा. आत भिंतींना पांढऱ्या चकचकीत विटा आहेत. त्याच १८९३ साली ट्रूडोंची मुलगी क्षयानं गेली, हे वाचल्यावर त्या पांढऱ्या विटांकडे नुसतं बघवेना.

या ट्रूडोंची गोष्ट कादंबरीत घातली तर संपादक म्हणतील, बाई, जरा योगायोग कमी करा. तरुणपणी त्यांचा भाऊ क्षयानं आजारी पडला. हे त्याच्या उशाशी, त्याच्याच बिछान्यात निजत. आणि डॉक्टरांची आज्ञा अशी, की खिडक्या मुळीच उघडायच्या नाहीत! भाऊ गेला. पुढं हे स्वतः डॉक्टर झाले, लग्न झालं, मूल झालं, आणि १८७३ साली कळलं की आपल्यालाही तेच झालं आहे. मरायचंच तर आवडत्या डोंगरात मरावं, शिकार करावी, म्हणून ते इकडे आले. आले ते झोपून, आणि काही महिन्यांत वजन वाढून हिंडूफिरू लागले. शहरात परतले की ताप येई, डोंगरात आले की उतरे. शेवटी १८७६ साली याच गावात बिऱ्हाड केलं.

मला शिक्षिका म्हणून त्यांचा एक प्रसंग फार भावला. १८८२ साली जर्मनीत कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. ट्रूडोंना जर्मन येत नव्हतं. तेव्हा एका मित्रानं त्या निबंधाचं हातानं लिहिलेलं इंग्रजी भाषांतर त्यांना नाताळची भेट म्हणून दिलं. सणाची भेट म्हणून वही! ते वाचून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघायला शिकून घेतलं, आणि बर्फात बुडालेल्या खेड्यात प्रयोग सुरू केले. पंधरा सशांचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पाच सशांना जंतू टोचून अंधाऱ्या, ओलसर जागी ठेवलं. पाचांना न टोचता तशाच जागी ठेवलं. आणि पाचांना टोचून तळ्यातल्या एका बेटावर मोकळं सोडलं, खायला भरपूर दिलं. अंधारातले टोचलेले चार मेले. न टोचलेले वाळले, पण त्यांना क्षय झाला नाही. बेटावरचा एक मेला, चार टुणटुणीत राहिले. म्हणजे नुसत्या अंधारानं क्षय होत नाही, जंतू लागतो. आणि जंतू शिरला तरी हवा, अन्न, विश्रांती मिळाली तर शरीर झुंज देऊ शकतं.

त्याच सुमारास, १८८४ साली, त्यांनी गरिबांसाठी आरोग्यधाम काढलं. पहिली झोपडी लाल रंगाची, दोन खाटांची. तिच्यात पहिल्यांदा राहायला आल्या त्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोघी बहिणी. पुढं रोग्यांची रीघ लागली. आरोग्यधामात जागा पुरेना, तेव्हा गावानं आपल्या घरांना पडव्या जोडल्या आणि रोगी ठेवून घेतले. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे स्टीव्हन्सन १८८७-८८ चा हिवाळा इथं काढून गेले. फिलिपीन्सचे अध्यक्ष केझॉन १९४४ साली इथंच वारले. पण मला नाववाल्यांपेक्षा बिननावाचेच फार दिसत होते. फोटोंतून ती सगळी माणसं लांब आरामखुर्च्यांवर ओळीनं पडलेली, अंगावर केसाळ कोट, कानटोप्या, भोवती बर्फ, आणि हसताहेत! हिवाळ्याच्या गोठत्या रात्रीसुद्धा उघड्यावर झोपायचं, असा नेम होता.

त्यांतली एक खुर्ची तिथं ठेवली आहे. रुंद हातांची, पाठ मागे कलणारी, लाकडी.

ती बघताना मला आजोळची पडवी आठवली. १९९४ साली मी मॅट्रिक झाले (आमच्याकडे दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात) आणि त्याच उन्हाळ्यात मला संध्याकाळचा ताप येऊ लागला. खोकला होता. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. तो पाहून वडील घरी आले, दार लावून आईशी बोलले, आणि तिसऱ्या दिवशी मला कऱ्हाडजवळच्या आजोळी पोचवलं. गल्लीत सांगितलं, की आजीला बरं नसतं, सोबतीला गेली आहे. बरं नव्हतं मला, आणि सोबतीला होती आजी!

आजीची एक चुलत नणंद फार पूर्वी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात गेली होती, ती परत आली नव्हती. तिथून बरे होऊन आलेलेही पुष्कळ होते. पण आमच्या घरात त्या गावाचं नाव घ्यायचीच चोरी झाली. आजी माझ्यावर रागावली नाही, कमी काही केलं नाही. अंडं खात नसलेल्या त्या बाईनं माझ्यासाठी अंडी उकडली. फक्त एके दिवशी खिळा घेऊन तिनं स्टीलच्या एका फुलपात्रावर फुली ओढली. घरातल्या सगळ्या भांड्यांवर कुणाकुणाची नावं कोरलेली असतात, माझ्या भांड्यावर फुली आली. ते पडवीच्या कोनाड्यात वेगळं राही. भांड्यावाटे हा रोग पसरत नाही, खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आजीला ते कळायला कुणी सांगितलंच नव्हतं.

दोन महिने सुया, मग गोळ्या. त्यांतल्या एका गोळीनं डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. रडलं की रुमालाला डाग. म्हणून मी रडणं सोडलं आणि वाचू लागले. गावच्या वाचनालयातलं कपाट मी त्या पडवीत संपवलं. मी बरी झाले, स्वच्छ बरी झाले. पण कॉलेज राहिलं ते राहिलंच. पुढं बालवर्गाला शिकवू लागले, दोन कादंबऱ्या लिहिल्या. दोन्हींतल्या नायिका कुठल्यातरी आजोळी जाऊन येतात, आणि का ते मी लिहीत नाही. एका समीक्षकानं याला ‘संयम’ म्हटलं आहे.

संग्रहालय दाखवणारी वयस्क बाई तेवढ्यात आमच्याजवळ आली. तिची आजी इथली रोगी. बरी झाली, इथल्याच माणसाशी लग्न करून राहिली. ती हे असं सांगत होती, जसं आपण सांगावं आमचे पणजोबा इनामदार होते! मग तिनं सहज विचारलं, “तुमच्या घरात कुणाला झाला होता का?”

भाची भाषांतर करायला लागली. मला कळलं होतं. मी म्हटलं, “मला.”

भाची माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

परतताना ती गाडी चालवता चालवता म्हणाली, “मावशी, काकांना?” मी मान हलवली. आमचं लग्न ठरताना माझ्या घरच्यांनी पत्रिकेतला मंगळ प्रामाणिकपणे सांगितला होता, छातीवरचा डाग तेवढा राहून गेला.

त्या आरोग्यधामाची अखेर चांगल्या कारणानं झाली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ साली आयसोनियाझिड आलं, खाटा रिकाम्या झाल्या, १९५४ साली दारं मिटली. आणि पुढचं तर आपल्याच देशात झालं. मद्रासला त्याच दशकात प्रयोग करून १९५९ साली दाखवून दिलं, की रोग्याला आरोग्यधामात ठेवा की त्याच्या दाटीवाटीच्या घरात ठेवा, औषध नेमानं पोटात गेलं तर गुण सारखाच येतो, आणि घरातल्यांना धोकाही वाढत नाही. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हे ठरलेलं होतं. मला आजोळी पाठवायचं काही कारण नव्हतं, एक शेजारी सोडले तर.

विमानाला दोन दिवस होते, म्हणून भाचीनं मला पोकिप्सीलाही नेलं. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आपल्या आनंदीबाई जोशींची रक्षा आहे. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं गेल्या. बावीसही पुरी नव्हती. लाल झोपडी तेव्हा दोन वर्षांची होती, आणि त्या शिकत होत्या ते फिलाडेल्फिया तिथून काही चंद्रावर नव्हतं. मी बरोबर नेलेलं हळदीकुंकू वाहिलं. मला माझ्या गोळ्यांची चव जिभेवर आली.

घरी आल्यावर मी यांना सांगितलं. हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मंगळाची शांत करायला अडीच हजार घेतले होते भटजींनी.” बाकी अजून आमचं बोलणं व्हायचं आहे, होईल. आई मात्र रागावली. “मिटलेलं कशाला उकरतेस? तुझ्या पोरीचं व्हायचंय अजून.” मी फुलपात्राचं विचारलं. ते तिनं आजोळचं घर मोडताना आणलं होतं. तांदूळ मोजायला घेते, म्हणाली. दसऱ्याला मी गेले तर ते घासून, पुसून, फराळाच्या चिवड्याखाली पिशवीच्या तळाशी घातलेलं होतं. आई त्याबद्दल काही बोलली नाही.

माझ्या बालवर्गात एक मुलगा आहे. त्याची आई अलीकडे वाळली आहे, तोंडाला पदर लावून बोलते, आणि आशाताई तिच्याकडे अंधार पडल्यावरच जातात. गेल्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिनं चहा केला. मला कपात दिला, आणि स्वतःसाठी खिडकीतला वेगळा ठेवलेला पेला उचलला. मी पिशवीतून फुलपात्र काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

“ही फुली कसली हो बाई?” तिनं विचारलं.